मालवणी ताटाबरोबर कोणती बिअर? आपापली आवडती सांगा, आणि का आवडते तेही

बांगडा_फ्राय (ठाणे)

मंडळी, नमस्कार.

आपल्याकडे बिअरची चौकशी दोन प्रश्नांत आटोपते: स्ट्राँग की माइल्ड, आणि थंडगार आहे ना? चवीबद्दल कुणी बोलतच नाही. या धाग्यावर मला फक्त चवीबद्दल बोलायचं आहे. किती चढते आणि कुठे स्वस्त मिळते, हे विषय इथे नकोत.

मी मूळचा मालवणचा, आता ठाण्यात. रविवारी घरी मासे असतातच, आणि जेवणाआधी तासभर मी आणि माझा मेहुणा बिअर घेऊन बसतो. माझी आवड ठरलेली आहे. बव्हेरियन पद्धतीची, गव्हाची, न गाळलेली, गढूळ दिसणारी हेफेवायझन. ग्लास नाकाजवळ नेला की आधी पिकल्या केळ्याचा वास येतो आणि त्याच्या मागून लवंगेचा. केळं किंवा लवंग कुणी त्यात घातलेली नसते, हे सगळं यीस्टचं काम. आंबवण जरा उबेत झालं की केळं पुढे येतं, थंडाव्यात झालं की लवंग. कडवटपणा नावाला. तोंड भरून लागते, आणि घोट गिळल्यावरही जिभेवर गव्हाचा मऊपणा रेंगाळतो. बेल्जियन विट हीदेखील गव्हाचीच, पण तिच्यात धणे आणि संत्र्याची साल खरोखर टाकतात. ती मला मे महिन्यातल्या दुपारी नुसती प्यायला आवडते, जेवणाबरोबर नाही.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे बांगड्याचं तिखलं होतं, भरपूर तिरफळं घालून. मेहुणा स्ट्राँगवाला. आठ टक्क्यांची बिअर आणि तिखलं एकत्र आलं की त्याच्या तोंडाची आग आग होते, कारण अल्कोहोल वाढेल तशी मिरची जास्त झोंबते. थंड घोटाने बरं वाटतं, ते घोट तोंडात आहे तोवरच. आयपीए, म्हणजे कडवट इंडिया पेल एल, घेऊन पाहिली, तर कडू आणि तिखट एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि तिरफळाने जिभेला ज्या मुंग्या येतात त्या जाणवतच नाहीत. गव्हाच्या बिअरबरोबर मात्र मसाला शांत होतो आणि तिरफळ स्पष्ट कळतं. तिखल्यापुरता माझा शोध संपला.

अडतं ते तळलेल्या बोंबलाला. बाहेरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत मासा, आणि त्यावर ही जाडसर, गोडुस बिअर! सगळंच मऊ होऊन बसतं. तिथे काहीतरी धारदार हवं.

तर सांगा. तुमची आवडती कोणती, ती कशाबरोबर घेता, आणि बोंबलाला काय?

गिरगावचा_काका (गिरगाव)

बोंबलाला लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेली स्वच्छ चवीची बिअर. दुसरं काही नाही.

मी बँकेतून निवृत्त झालो त्याला आता बराच काळ लोटला. आमच्या तरुणपणी परमिट रूममध्ये बसलं की लंडन पिल्सनर नाहीतर गोल्डन ईगल. गोल्डन ईगल मोहन मीकिनची. त्या कंपनीचं मूळ १८५५ सालच्या कसौलीच्या ब्रुअरीत, म्हणजे हिमाचलच्या डोंगरात गोऱ्या साहेबांसाठी निघालेली बिअर पुढे आमच्या गिरगावातल्या टेबलावर आली. आज मी साधी माइल्ड किंगफिशर घेतो आणि समाधानी आहे. गोव्याला गेलो की किंग्जची छोटी बाटली. हलकी, स्वच्छ, दुसरा घोट मागणारी. तळणाचा तेलकटपणा जिभेवरून धुऊन काढायला बुडबुडे आणि थोडासा कडवटपणा एवढंच लागतं, आणि लागर ते काम चोख करते. बोंबील, मांदेली, तिसऱ्यांची भजी, कशालाही लावा.

पण माझी एक अट आहे. लागर ताजी हवी. तिच्यात लपायला जागा नाही. गव्हाच्या बिअरमध्ये केळं आहे, स्टाउटमध्ये भाजका वास आहे, त्यामागे थोडं शिळेपण खपून जातं. लागर शिळी झाली की ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. म्हणून बाटली हातात घेतली की मी आधी लेबलवरची तारीख वाचतो. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम.

दुसरं, ऊन. आमच्या जवळच्या एका दुकानात क्रेट फुटपाथवर दुपारभर उन्हात असतात. तिथून मी घेत नाही. प्रकाश लागला की हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांमधल्या) द्रव्यांपासून गंधकाचा एक उग्र वास तयार होतो, आणि हिरव्या किंवा पांढऱ्या काचेत तो फार लवकर होतो. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते. हिरव्या बाटलीतल्या महागड्या परदेशी बिअरला तो जो एक वास येतो आणि लोक त्याला तिची खासियत समजतात, तो बरेचदा हाच.

आणि बाळा, फ्रीजरमध्ये बाटली घालू नकोस. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सकाळी ठेव, संध्याकाळी काढ. बर्फागत गार केलीस तर जीभ बधिर होते, मग केळं काय आणि लवंग काय!

कोलोनकर (कोलोन, जर्मनी)

काकांशी बोंबलाबाबत जवळजवळ सहमत. मी मात्र त्या जागी कोल्श ठेवीन.

कोल्श ही आमच्या गावची बिअर. रंगाने आणि दिसायला लागर, पण आंबवणारं यीस्ट एलचं, उबेत काम करणारं. नंतर तिला थंडीत मुरवतात. त्यामुळे लागरची स्वच्छ धार राहते आणि मागे फळासारखा अगदी पुसट गोडवा येतो. १९८६ साली इथल्या ब्रुअरींनी आपसात करार करून कोल्श कशाला म्हणायचं आणि ती कुठे करायची ते ठरवून टाकलं. युरोपीय संघात बाहेरच्या कुणी तशीच बिअर केली तरी तिला हे नाव लावता येत नाही.

पण खरी मजा ती देण्याच्या पद्धतीत आहे. सरळसोट, उभट, २०० मिलीचा बारीक ग्लास. ब्रुअरीच्या खानावळीत निळ्या कपड्यातला वाढपी गोल ट्रेमध्ये असे ग्लास घेऊन फिरत असतो. तुमचा रिकामा झाला की न विचारता भरलेला समोर ठेवतो आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. पुरे असेल तर ती चकती ग्लासवर झाकायची. नाही झाकली तर पुढचा ग्लास येणारच. ग्लास छोटा असल्यामुळे शेवटचा घोटही थंड आणि फेसाळ असतो. आपल्याकडची ६५० मिलीची बाटली मुंबईच्या उकाड्यात अर्ध्यावर येईस्तोवर कोमट होते. चांगली बिअरही त्यात हकनाक जाते. चौघांत एक बाटली उघडा, छोट्या ग्लासांत ओता, संपली की दुसरी. करून पाहा, तीच बिअर वेगळी लागेल.

इथून चाळीसेक किलोमीटरवर ड्यूसेलडॉर्फ. त्यांची आल्टबिअर तांबूस, जास्त कडवट. दोन गावांत बिअरवरून पिढ्यान्पिढ्या चढाओढ आहे आणि मी कोलोनच्या बाजूने आहे, हे वेगळं सांगायला नको. (मला आल्टबिअर आवडते, पण सुक्या मटणाबरोबर. माशाला ती जड होते.)

बांगडा, तुमच्या गव्हाच्या बिअरची हकिकत तुम्हाला आवडेल. १५१६ च्या बव्हेरियातल्या फर्मानात बिअरला सातू, हॉप्स आणि पाणी एवढंच मंजूर होतं. गहू नाही. गव्हाच्या बिअरचा हक्क एका सरदार घराण्याकडे होता, आणि १६०२ नंतर तो थेट राजघराण्याने आपल्या हातात घेतला. खूप पैसा मिळवला त्यावर. पुढे लोकांची आवड बदलली, गडद लागरचे दिवस आले, गव्हाची बिअर मागे पडली. मग १८७२ साली गेओर्ग श्नायडर नावाच्या ब्रुअरने तो हक्क मिळवला आणि ही बिअर तगली. आज म्युनिकला लोक सकाळी पांढऱ्या सॉसेजबरोबर ती पितात. माझ्या मते श्नायडरची आजही सर्वांत भरदार आहे, रंगाने तांबूस आणि लवंगेकडे झुकणारी. वायहेनश्टेफानची जास्त केळ्याकडे जाते. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्ही वायहेनश्टेफानवाले दिसता.

हॉप्सवेडा (सिएटल)

आयपीएला एवढ्यावर बाद करू नका हो.

मी घरी बिअर करतो. इकडे ते कायदेशीर आहे. दर वर्षी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात डोंगर ओलांडून यकिमा खोऱ्यात जातो. अमेरिकेतल्या हॉप्सचा मोठा वाटा तिथेच पिकतो. पाच-साडेपाच मीटर उंच बांधलेल्या सुतळ्यांवर वेल चढलेले असतात, दूरवर हिरव्या भिंतीच भिंती. त्यातलं एक बोंड तोडून बोटांनी उकललं की आत पाकळ्यांच्या मुळाशी पिवळीधमक पूड दिसते. तिला लुप्युलिन म्हणतात. बिअरचा कडवटपणा आणि सुगंध दोन्ही त्या चिमूटभर पिवळ्या पुडीत. बोटं चिकट होतात आणि वास दिवसभर जात नाही. कॅस्केड जातीला पपनसाच्या सालीचा वास, सिट्राला लिंबू आणि आंब्याचा. झाडावरून काढलेले ओले हॉप्स दिवसभराच्या आत सातूच्या काढ्यात पडले तर जी बिअर होते, तिच्यात हिरव्या पानांचा ताजेपणा उतरतो. ती वर्षातून तेवढ्याच दिवसांत मिळते आणि माझी सर्वांत आवडती तीच.

आता तुमच्या तक्रारीबद्दल. हॉप्स उकळीच्या सुरुवातीला टाकले आणि तासभर उकळले की कडवटपणा उतरतो, वास उडून जातो. शेवटी टाकले, किंवा गॅस बंद केल्यावर, किंवा आंबवण झाल्यावर थंड बिअरमध्ये घातले, तर वास राहतो आणि कडवटपणा फारसा येत नाही. हल्लीची गढूळ, न्यू इंग्लंड पद्धतीची आयपीए अशीच करतात, शिवाय ओट्स घालतात, त्यामुळे ती तोंडात मऊ लागते. तुमच्या मेहुण्याला ती द्या. तिखल्याला नको, पण कैरी घातलेल्या कोळंबीच्या आमटीला जरूर. आंब्याला आंबा भेटतो.

पाण्यामुळेही चव पार बदलते. चेक देशातल्या पिल्झेनचं पाणी अतिशय मृदू, म्हणून १८४२ मध्ये योसेफ ग्रोल नावाच्या ब्रुअरने तिथे केलेल्या सोनेरी लागरमध्ये भरपूर हॉप्स असूनही कडवटपणा गोल, सौम्य लागतो. उलट इंग्लंडातल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम हा क्षार खूप. तिथे कडवटपणा सुकत जातो आणि टोकदार होतो. हिंदुस्थानात येणाऱ्या पेल एलचा धंदा आधी लंडनच्या हॉजसनच्या ब्रुअरीकडे होता, पुढे बर्टनवाल्यांनी तो ओढून घेतला, त्यात या पाण्याचा मोठा हात आहे. त्या बिअरची पिंपं मुंबई बंदरात उतरत. काकांच्या गिरगावापासून ते काही लांब नाही.

काका, पिल्झेनर उर्क्वेल मिळाली तर एकदा बोंबलाबरोबर घ्याच. ४.४ टक्केच असते, पण तुमच्या नेहमीच्या लागरपेक्षा चांगलीच कडू. तेल कापते.

काळी_बिअर (कर्वेनगर, पुणे)

सगळे मासेच मासे! मी मासे खात नाही, पण माझं सासर कुडाळचं, त्यामुळे मालवणी ताटाबद्दल बोलायचा माझा हक्क आहे.

माझी आवडती स्टाउट. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली. देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी ती. पुढे मुंढव्याला इंडिपेंडन्स आली, एफिंगट आली, ग्रेट स्टेट आली, आणि आमच्या शहराला बिअर चाखून घ्यायची सवय लागली. चार छोट्या ग्लासांची पाटी मागवायची, एकेक घोट घ्यायचा आणि मग ठरवायचं. मी दर वेळी काळ्या ग्लासावर येऊन थांबते.

स्टाउट जड असते हा समज मला मनापासून खोडून काढायचा आहे. डब्लिनला जाऊन गिनेस प्यायले. ती ४.२ टक्के, म्हणजे काकांच्या किंगफिशरपेक्षाही हलकी. काळा रंग भाजलेल्या सातूचा. कॉफीसारखा वास आणि शेवटी येणारा कोरडा कडूपणाही त्याचाच. आणि तो साईसारखा फेस नायट्रोजनचा. नेहमीच्या बिअरमधला कार्बन डायऑक्साइड मोठे बुडबुडे करतो आणि जिभेला टोचतो. नायट्रोजनचे बुडबुडे इतके बारीक की पेय रेशमी लागतं. ग्लास भरताना पाऊण भरून थांबतात, तेव्हा काचेलगत बुडबुडे वरून खाली जाताना दिसतात. मधून वर चढलेली बिअर कडेने खाली उतरते आणि त्यांना ओढून नेते. मग तांबूस काळा रंग ठरतो, वर पांढरी रेघ उमटते, आणि उरलेला ग्लास भरतात. माझं बोलणं तिथे थांबतंच.

आता जोडी सांगते. काळ्या वाटाण्याचं सांबारं. सासूबाई त्यासाठी सुकं खोबरं आणि कांदा विस्तवावर पार काळपट होईपर्यंत भाजतात, मग पाट्यावर वाटतात. ते भाजकं खोबरं आणि स्टाउटमधला भाजका सातू एकाच कुळातले. सांबाऱ्याचा घास, मग स्टाउटचा घोट, की खोबऱ्याचा गोडवा आणखी वर येतो आणि वाटाण्याची मातकट चव भरून निघते. बरोबर आंबोळी. मी पुष्कळ जोड्या करून पाहिल्या आहेत, याच्या जवळपास काही पोचत नाही. मात्र मसाला मध्यम हवा. भाजक्या कडूपणाने फार तिखट पदार्थ आणखी तिखट होतो, इथे बांगडा यांचं म्हणणं बरोबर आहे.

सासूबाई स्वतः पीत नाहीत. पण त्यांनी ग्लासचा वास घेतला आणि म्हणाल्या, "खोबरा भाजल्यासारखो वास येता गो." जोडी मला तिथेच सापडली.

बांगडा_फ्राय (ठाणे)

ताई, काळ्या वाटाण्याची जोडी वाचून मी आईला फोन केला. येत्या रविवारी वाटाणे भिजणार. तुमच्या सासूबाईंना आमचाही नमस्कार सांगा, हे वाक्य मालवणी माणसालाच सुचू शकतं.

काका, तारखेचं आणि उन्हाचं अगदी पटलं. आमच्या इथल्या एका बिअर शॉपीत मी तारीख बघायला लागलो की माणूस वैतागतो. वैतागू दे. आपण पैसे मोजतो.

हॉप्सवेडा, मृदू पाण्याचा मुद्दा मला नवा होता. मुंबईचं पाणी तसं मृदूच, तलावांचं, पावसाचं. म्हणजे इथे केलेली लागर जमायलाच हवी. तरी आपल्या मोठ्या कंपन्या लागर एवढी फिकी का करतात? पाणी साथ देतंय तर हॉप्स वाढवा की. लोकांना कडू नको असं म्हणतात, पण कारलं, मेथी, शेवग्याचा पाला, कडू वाल आवडीने खाणारी माणसं आहोत आपण. आपल्याला कडू कळत नाही हे मी मानणार नाही.

कोलोनकर, तुम्ही बरोबर ओळखलंत, वायहेनश्टेफानच. मेहुणा जर्मनीहून येणाऱ्या मित्राकडून श्नायडरची बाटली मागवतोय. कोल्श इथे कुणी करतं का, पुणेकरांनी सांगावं. आणि एक विचारायचं होतं. गव्हाच्या बिअरच्या बाटलीत तळाशी यीस्टचा गाळ असतो. मी तो ओततो, मेहुणा ठेवून देतो. दर रविवारी वाद. तुमच्याकडे काय करतात?

गिरगावचा_काका (गिरगाव)

शेवग्याचा पाला आणि कडू वाल यांचं नाव काढलंस, बरं केलंस. वालाची उसळ आणि कडवट लागर घेऊन बघ. डाळिंब्या सोलायचा कंटाळा करू नकोस.

पिल्झेनरचं मनावर घेतलं आहे. नातू पुढच्या महिन्यात युरोपातून येतोय, त्याला सांगतो.

काळी_बिअर (कर्वेनगर, पुणे)

बांगडा, पुण्यातल्या ब्रुअरींत नळावर काय आहे ते सतत बदलतं. कोल्श पद्धतीची अधूनमधून लागते. निघण्याआधी फोन करून विचारा, आणि ग्राउलरमध्ये (नळावरची बिअर घरी न्यायच्या झाकणाच्या बाटलीत) भरून देतात का तेही विचारून घ्या. ग्राउलर ठाण्याला नेणार असाल तर गळ्यापर्यंत भरून घ्या, वर हवा राहू देऊ नका, आणि त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी ती मेलेली असते.

कोलोनकर (कोलोन, जर्मनी)

गाळ ओततात. मेहुण्यांना सांगा.

पद्धत अशी. अर्ध्या लिटरचा, वर रुंद होत जाणारा उंच ग्लास घ्यायचा आणि गार पाण्याने आतून ओला करायचा, नाहीतर फेस आवरत नाही. ग्लास जवळजवळ आडवा धरून बाटलीचं तोंड आत घालायचं आणि बिअर कडेवरून सावकाश सोडायची. तळाशी दोन बोटं उरली की थांबायचं, बाटली गोल गोल हलवायची, गाळ सुटा झाला की तो ग्लासच्या मधोमध ओतायचा. फेसाचा तुरा काठाच्या वर येतो. ज्याला गाळ आवडत नाही त्याच्यासाठी गाळलेली, पारदर्शक क्रिस्टाल वायझन वेगळी मिळते, ती मेहुण्यांना द्या. पण तिखल्याबरोबर नको. तिरफळाला सांभाळून घेणारा तो मऊपणा गाळातच जास्त असतो.

आणि सात-आठ अंशांवर प्या. फ्रीजमधून काढून दहाएक मिनिटं ओट्यावर राहू द्या, तेवढ्यात बोंबील तळून होतात.